चेक इंजिनचा दिवा, पी-०४२० आणि अडखळणारी गाडी: कन्व्हर्टर बदलण्याआधी काय तपासावं

भावोजींची गाडी २०२१ची. पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, बीएस-६, ४७ हजार किलोमीटर चाललेली. ऑगस्टमध्ये खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होईना, मग एक गचका बसे आणि मग गाडी ओढू लागे. साताऱ्याला पोचेपर्यंत डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी-०४२० हा कोड आला आणि पाच मिनिटांत निकाल लागला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, गेला, बदलावा लागेल. खर्च पाच आकडी. भावोजींचा मला फोन आला तो पैशांची जुळवाजुळव कशी करायची हे विचारायला.

मी त्यांना म्हटलं, रविवारी गाडी घेऊन या, तोवर काहीही बदलू नका. त्या रविवारी आम्ही ज्या क्रमाने तपासणी केली तोच क्रम इथे देतो आहे. गाडी वेगळी असेल तर तपशील थोडे बदलतील, पण क्रम बदलू नका. चुकीच्या क्रमाने गेलं की चांगला भाग काढून नवा बसवला जातो आणि मूळ रोग तसाच राहतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. दिवा ही एक तक्रार आहे आणि अडखळणं ही दुसरी. कन्व्हर्टरची ताकद कमी झाली म्हणून इंजिन सहसा अडखळत नाही. धुराची सफाई नीट होत नाही एवढंच. उलट दिशेनं मात्र संबंध जवळचा असतो. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, किंवा पेट्रोल जास्त ओढत असेल, तर न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि त्याला आतून भाजून काढतं. म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र आल्या की आधी अडखळण्याचा माग काढायचा. याला अपवाद एकच: कन्व्हर्टर आतून वितळून चोंदला असेल तर तोच गाडीचा श्वास कोंडतो. तो कसा ओळखायचा ते पुढे येईल.

पी-०४२० नेमकं काय सांगतो

कन्व्हर्टर म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसवलेली सिरॅमिकची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनमध्ये होतं. लेपात सेरियमचं ऑक्साइडही असतं. ते स्पंजासारखं काम करतं: धुरात ऑक्सिजन जास्त असला की साठवतं, कमी पडला की सोडतं.

कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर दुसरा. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पुढच्या सेन्सरकडे पाहून हवा-पेट्रोलच्या मिश्रणातलं पेट्रोल किंचित जास्त, किंचित कमी असं सतत हलवत असतो. स्पंज शाबूत असेल तर ही हालचाल कन्व्हर्टरच्या पोटातच जिरते आणि मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहतो. स्पंजाची ताकद गेली की मागचा सेन्सरही पुढच्यासारखा नाचू लागतो. ते एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की ईसीयू पी-०४२० नोंदवतो.

म्हणजे ईसीयूने कन्व्हर्टर उघडून पाहिलेला नसतो. त्याने मागच्या सेन्सरच्या सांगण्यावरून अंदाज बांधलेला असतो. तो सेन्सर खोटं बोलत असेल, मधल्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत असेल किंवा मिश्रणच बिघडलेलं असेल, तरी अंदाज तोच निघतो. कोड चौकशी सुरू करायला सांगतो. कोणता भाग बदलायचा हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे?

हे आधी बघा, कारण यावर पुढची दहा मिनिटं काय करायचं ते ठरतं. स्थिर दिवा असेल आणि गाडी बऱ्यापैकी चालत असेल, तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं जास्त आहे की कन्व्हर्टरला या क्षणी इजा होते आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, जागा मिळाली की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेला कन्व्हर्टर सुक्या गवताला आग लावू शकतो, म्हणून माळावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. अशी गाडी ढकलून चालू करायचा प्रयत्नही नको, त्यात कच्चं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये उतरतं. टो करून न्या. टोचा खर्च नव्या कन्व्हर्टरपुढे काहीच नाही.

स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे ईसीयूतले कोड वाचणारं उपकरण, हजार-दोन हजारांत मिळतो आणि फोनवरच्या ॲपला जोडता येतो. जोडायचा सोळा पिनांचा सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, पायांच्या वरच्या बाजूला असतो. फार स्वस्त अडॅप्टर आकडे हळू देतात आणि सेन्सरचा आलेख तुटक दिसतो, तेवढं लक्षात ठेवून वाचन करा.

पहिलं काम म्हणजे सगळे कोड वाचून पडद्याचा फोटो काढणं. पक्के कोड वेगळे असतात आणि पेंडिंग, म्हणजे एकदा दिसलेले पण अजून दिवा लावायच्या पातळीला न आलेले, वेगळे. दोन्ही याद्या बघा. भावोजींच्या गाडीत पक्का कोड पी-०४२० होताच, पण पेंडिंगच्या यादीत पी-०३०३ बसला होता. याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. गॅरेजमध्ये ती यादी कोणी उघडलीच नव्हती.

दुसरं, फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, वेग किती, कूलंट किती तापलेलं, इंजिनावर भार किती, इंधनाची दुरुस्ती (फ्युएल ट्रिम, पुढे येईल) किती, हे सगळं ईसीयू जपून ठेवतो. कोड पुसला की हा पुरावाही जातो. बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत तो जातो. "आधी पुसून बघू, परत येतो का" ही सवय त्यासाठीच मला पटत नाही.

गाडी कशी अडखळते ते शब्दांत मांडा

एक वही घ्या आणि गाडी चालवून या. शक्यतो सोबत कोणीतरी असू द्या, म्हणजे चालवताना फोनकडे बघायची वेळ येणार नाही. कधी अडखळते, याचं उत्तर अर्धं निदान करून टाकतं.

थंड इंजिनावर अडखळते आणि तापल्यावर सुधारते: इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या) रबरी नळ्यांतून हवेची गळती, थ्रॉटल बॉडीत, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणाऱ्या भागात, साचलेला कार्बन किंवा कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. कमी आरपीएमला वरचा गिअर टाकून पाय दाबला की गचके देते: ठिणगी पाडणारा प्लग किंवा त्याला व्होल्टेज पुरवणारी कॉइल. भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत कॉइल तिथेच माघार घेते. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, असं असेल तरी आधी प्लग-कॉइलच बघा, कारण सीएनजी पेटवायला ठिणगी अधिक जोरकस लागते. पेट्रोल भरल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच अडखळते: टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. सुरुवातीला बरी ओढते, पण आरपीएम वाढेल तशी दबत जाते आणि घाटात जीवच उरत नाही: इंधनाचा दाब कमी, नाहीतर चोंदलेला कन्व्हर्टर.

ऑटोमॅटिक किंवा एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी) गाडी असेल तर गिअर बदलतानाचा विराम आणि इंजिनाचं अडखळणं यांत गल्लत होते. मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून ठेवा आणि मग पाय दाबा. गचका तरीही येत असेल तर तो इंजिनाचा.

आधी मिसिंग पकडा

कोडमध्ये सिलिंडरचा क्रमांक असेल तर काम सोपं असतं. बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. इग्निशन बंद, इंजिन गार. आम्ही तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली आणि पुन्हा त्याच चढावर फेरी मारली. आता पेंडिंगमध्ये पी-०३०१ आला. कॉइल जिथे गेली तिथे रोगही गेला, म्हणजे कॉइल खराब. रोग जागेवरच राहिला असता तर पुढची अदलाबदल प्लगची, त्यानंतर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन.

ही अदलाबदल मला सगळ्यांत आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि तिचं उत्तर निःसंदिग्ध असतं.

कॉइल काढलीच आहे तर प्लगच्या खड्ड्यात डोकावून बघा. तेल दिसलं तर वरच्या कव्हरचं पॅकिंग गळतं आहे. पाणी किंवा गंज दिसला तर पावसाचं किंवा इंजिन धुतल्याचं पाणी शिरलेलं आहे, आणि पावसाळ्यात हे सर्रास सापडतं. प्लग बाहेर काढून चारही ओळीने मांडा. तपकिरी-करडा रंग निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर काळा थर म्हणजे ऑइल. पांढराशुभ्र म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा इंजिन फार गरम. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरची चौकशी. चारही सारखेच बिघडलेले असतील तर दोष सगळ्यांना मिळून असलेल्या भागात. आमच्या चारही प्लगांची फट नेमून दिलेल्यापेक्षा रुंद झाली होती. फट रुंद झाली की प्रत्येक ठिणगीसाठी कॉइलला जास्त जोर लावावा लागतो, आणि असं बरेच दिवस चाललं की कॉइलही बसते. म्हणून एक कॉइल आणि चारही प्लग बदलले. प्लगचा नंबर मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्या, आणि नेमलेल्या टॉर्कवरच आवळा. ॲल्युमिनियमच्या हेडमधली चुडी एकदा गेली की ते काम फार मोठं होतं.

फ्युएल ट्रिम: इंजिन काय झाकून नेत आहे

मिसिंगचा कोड नसेल, किंवा मिसिंग मिटवूनही अडखळणं राहिलं असेल, तर इथे थांबून नीट वेळ द्या.

ईसीयूकडे पेट्रोलच्या मापाचा एक ठरलेला हिशेब असतो. सेन्सर म्हणाला की ऑक्सिजन जास्त उरतो आहे, तर तो पेट्रोल वाढवतो. उलट असेल तर कमी करतो. ही दुरुस्ती, म्हणजेच ट्रिम, टक्क्यांत दिसते: पेट्रोल वाढवलं तर अधिक, कमी केलं तर उणे. शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज करा. अधिक-उणे पाचच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालण्यासारखं, दहाच्या बाहेर गेलं की काहीतरी बिघडलेलं आहे. आकडे तीन वेळा लिहा: इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला, उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून, आणि चढावर भार देऊन.

आयडलिंगला बेरीज अधिक पंधरा आणि २५००ला अधिक चार अशी उतरत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये कुठूनतरी न मोजलेली हवा शिरते आहे. गळती तेवढीच राहते, पण इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा कमी होतो, म्हणून आकडा खाली येतो. रबरी नळ्या, इनटेकचं पॅकिंग, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी बघा. एअर फिल्टर बदलल्यानंतर डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप नीट न बसणं हेही नेहमीचं. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या पुढे असेल तर त्यानंतरची सैल नळी हाच घोळ करते. गळती शोधायला गॅरेजमधली स्मोक टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं, सर्वांत चांगली. चालू, तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत घरी करू नका.

आयडलिंगला ठीक आणि भाराखाली आकडा चढत जातो, असं असेल तर इंजिनाला लागेल तेवढं पेट्रोल पोचत नाही: पंप अशक्त, फिल्टर चोंदलेला किंवा इंजेक्टर घाण. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली तरीही असंच दिसतं. इंधनाचा दाब गेजवर मोजून घ्या. हे काम गॅरेजचं आहे, विशेषतः डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत, कारण तिथला दाब शेकडो बारमध्ये असतो आणि ती लाइन उघडणं जिवावर बेतू शकतं.

बेरीज उणे दहाच्या खाली असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे. गळका इंजेक्टर, किंवा उघडा अडकून बसलेला पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि हा व्हॉल्व्ह ती थोडी थोडी इंजिनात सोडतो. पंपावर नोझल "टक" करून बंद झाल्यावरही रक्कम पूर्ण करायला म्हणून आणखी पेट्रोल रेटायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्याने द्रव पेट्रोल कॅनिस्टरपर्यंत जाऊ शकतं आणि मग भरल्यानंतर गाडी अडखळते. पहिल्या टकला थांबा. पर्ज व्हॉल्व्ह तपासायला आयडलिंगवर त्याची कॅनिस्टरकडची नळी काढून बोट लावा. आयडलिंगला तो बहुतेक बंद असायला हवा. सतत जोरात ओढ लागत असेल तर तो अडकलेला आहे.

ई-२० पेट्रोलमुळेही (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या; ई-१० म्हणजे १० टक्के) हे आकडे हलतात, आणि याची कल्पना नसेल तर घोटाळा होतो. शुद्ध पेट्रोलला एका भागासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-१०ला सुमारे १४.१, ई-२०ला सुमारे १३.५. ई-१० धरून हिशेब बसवलेल्या गाडीत ई-२० भरलं की ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर जाणं हे साधं गणित आहे, त्यात बिघाड नाही. पण आधीच अधिक आठवर चालणारी गाडी ई-२०ने बाराच्या पुढे जाते. दोष जुनाच असतो, पेट्रोल बदलल्यावर तो डोळ्यांवर येतो. मॅन्युअलमध्ये किंवा इंधनाच्या झाकणावर तुमच्या गाडीला कुठपर्यंत इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं, तेही बघून ठेवा.

मागच्या सेन्सरची साक्ष तपासा

मिश्रण आणि ठिणगी जागेवर आली की मगच कन्व्हर्टरकडे वळायचं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण तापवा. लेप काम करायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात, आणि नुसतं उभ्या उभ्या चालू ठेवून कन्व्हर्टर पुरेसा तापेलच असं नाही.

२५०० आरपीएम स्थिर धरून दोन्ही सेन्सरचे आलेख लावा. पुढचा सेन्सर जुन्या पद्धतीचा असेल तर तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली करेल. अनेक नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो. तो असा नाचत नाही, त्याचं वाचन लॅम्ब्डाच्या, म्हणजे हवा-पेट्रोलच्या आदर्श प्रमाणाशी केलेल्या तुलनेच्या, रूपात १.०० च्या आसपास दिसतं. तुमच्या गाडीत कोणता आहे हे माहीत नसेल तर सपाट रेघ पाहून "पुढचा सेन्सर मेला" असं समजू नका. मागचा सेन्सर बहुतेक गाड्यांत व्होल्टवालाच असतो. तो ०.६ ते ०.७५ च्या आसपास शांत असेल, तर कन्व्हर्टर काम करतो आहे. तो सतत ०.१ ते ०.८ अशा उड्या मारत असेल, तर शंका खरी.

पण साक्षीदार नीट आहे का? जोरात ॲक्सिलरेटर दाबा: मागच्या सेन्सरचा आकडा ०.८ च्या वर जायला हवा. मग गिअरमध्येच पाय पूर्ण काढा. इंधन तुटतं, नुसती हवा जाते आणि आकडा शून्याजवळ यायला हवा. दोन्ही झटपट झालं तर सेन्सर जिवंत आहे. आळसावून, अर्ध्यावरच थांबत असेल तर सेन्सर संशयित. त्याची वायरही तपासा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरिंग कुरतडतात. गाडीखालच्या वायरला चिखल आणि दगडांचा मारही बसतो.

यानंतर सांधे. सकाळी गार गाडी चालू करा, दुसऱ्याला जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड काही क्षण अर्धवट दाबायला सांगा आणि तुम्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांतून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडापासून) मागच्या सेन्सरपर्यंत फुसफुस ऐका. मोकळ्या जागेतच करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही. सांध्यापाशी काजळीचे काळे फराटे दिसले तर गळती तिथेच आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या लाटांमध्ये क्षणिक पोकळी तयार होते आणि ती बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन शिल्लक आहे. पॅकिंग बदलल्यावर पी-०४२० निघून गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

सर्व्हिस सेंटरमध्ये आणखी एक प्रश्न विचारा: या चॅसी नंबरसाठी ईसीयूचं नवं सॉफ्टवेअर आलं आहे का? काही मॉडेलांमध्ये कन्व्हर्टर मोजण्याची मर्यादा फार घट्ट ठेवल्यामुळे खोटा कोड येतो आणि कंपन्या सुधारित प्रोग्राम देतात. त्याच वेळी वॉरंटीची पुस्तिका काढा. कन्व्हर्टरसाठी वेगळी उत्सर्जन वॉरंटी दिलेली असू शकते, तिची मुदत साध्या वॉरंटीपेक्षा जास्तही असते.

चोंदलेला कन्व्हर्टर

सुरुवातीचा तो अपवाद. लक्षणं: वेग वाढेल तशी ताकद घटते, बॉनेटखाली नेहमीपेक्षा जास्त धग, सायलेन्सरमधून येणारा झोत मंद. गार कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकलं आणि आत खुळखुळ झाली तर जाळी फुटलेली आहे.

पक्की परीक्षा दाबाची. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावतात. आयडलिंगला सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत दाब असेल तर वाट मोकळी. त्यापुढे गेला की अडथळा. सेन्सर निघत नसेल तर इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज लावून २५०० आरपीएम धरा. सुई आधी स्थिर राहून मग हळूहळू खाली सरकत गेली तर धूर आत अडतो आहे. कन्व्हर्टरच्या आधीचं आणि नंतरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायची युक्ती सांगितली जाते. आताच्या गाड्यांत मिश्रण इतकं नेटकं असतं की चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फारसा फरक दिसत नाही, म्हणून मी त्यावर निर्णय करत नाही.

कोड पुसा, चालवा, मग निकाल

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसायचे. पुसल्यावर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाही याच्या नोंदी, शून्यावर येतात. कॅटॅलिस्टचा मॉनिटर पूर्ण होईपर्यंत "दिवा गेला" याला काहीच अर्थ नसतो. रात्रभर गार झालेली गाडी चालू करा, दोन-तीन मिनिटं आयडलिंग, थोडं शहरातलं चालवणं, मग हायवेवर ६० ते ८०च्या दरम्यान एकसारख्या वेगाने दहा-पंधरा मिनिटं, मध्ये गिअरमध्येच पाय काढून वेग उतरू देणं. दोन-तीन दिवस असं केलं की बहुतेक गाड्यांत मॉनिटर पूर्ण दिसतो. ॲपमध्ये मोड ०६ असेल तर कॅटॅलिस्टच्या चाचणीचं माप आणि मर्यादा दोन्ही दिसतात. नुसत्या पास-नापासपेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण कडेला पोचलेला कन्व्हर्टर कोड येण्याआधीच कळतो.

भावोजींची गाडी त्याच संध्याकाळी अडखळायची थांबली. चौथ्या दिवशी मॉनिटर पूर्ण झाला, पी-०४२० आला नाही. मोड ०६चं माप मर्यादेच्या आत होतं, पण जवळच. मिसिंगने थोडी इजा केलेली आहे. दर महिन्याला तो आकडा वहीत उतरवायला मी त्यांना सांगितलं आहे.

खरंच बदलायची वेळ आली तर

वरचं सगळं स्वच्छ निघालं आणि मागचा सेन्सर तरीही नाचतो आहे, तर कन्व्हर्टर संपला हे मान्य करा. पण तो का संपला याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइल हजार किलोमीटरला किती कमी होतं ते डिपस्टिकवर मोजा. ऑइलमधला फॉस्फरस लेपावर थर चढवतो. कूलंट कुठेही गळताना दिसत नाही तरी कमी होत असेल तर तो इंजिनात जळत असेल, आणि तोही लेप मारतो. एक्झॉस्टजवळ किंवा इनटेकवर साधं सिलिकॉन सीलंट वापरलं गेलं असेल तर त्याने सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही खराब होतात. सेन्सर-सेफ असं लिहिलेलंच वापरावं.

टाकीत ओतायच्या "कॅट क्लीनर" बाटल्यांनी वितळलेली जाळी पूर्ववत होत नाही. आतली जाळी काढून डबा पोकळ करून देणारेही भेटतील, आणि मागच्या सेन्सरला फसवायला स्पेसर लावून देणारेही. ते करू नका. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सरळ आपल्याच गल्लीत सोडली जातात, सिग्नलला मागे उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर. प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली गुन्हाही आहे.

बीएस-६ गाड्यांत कन्व्हर्टर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटूनच असतो, म्हणून भाग महाग आणि मजुरीही जास्त. बाहेरचा स्वस्त भाग घेताना सावध राहा: त्यात मौल्यवान धातूंचं प्रमाण कमी असलं तर काही महिन्यांत तोच कोड परत येतो. नवी पॅकिंगं आणि नवे नट-बोल्ट घ्या, सेन्सर आवळताना वायर पिळू देऊ नका. जुना कन्व्हर्टर परत मागून घ्या किंवा त्याची किंमत बिलातून वजा करायला सांगा. त्यातल्या धातूंसाठी भंगारवाले त्याला चांगले पैसे देतात. आणि नवा बसल्यावर पहिल्याच आठवड्यात मोड ०६चं माप लिहून ठेवा, पुढे तुलना करायला तोच आकडा लागेल.